फरशीवरच्या दोन पट्ट्या

“बूट बदललेत का?” मास्तरांनी विचारलं.

मी नुसती बघत राहिले. सकाळचे तीन तास एका डोळ्याशी झटापट करण्यात गेले होते. डोळा मिकेलअँजेलोच्या डेव्हिडचा, प्लास्टरमध्ये ओतलेला, वीतभराहून रुंद, भिंतीवर टांगलेला. पाच आठवडे तो माझ्या कागदावर हळूहळू उतरत होता आणि त्या दिवशी एकाएकी काही म्हणजे काही जुळेना. भुवईखालची सावली अरुंद झाली होती, खालच्या पापणीची वरची कड नको तितकी दिसत होती. मी खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं. कागदाचा तो भाग आता लव आल्यासारखा दिसायला लागला होता. मास्तर मागून आले, मला बाजूला व्हायला सांगितलं, माझ्या जागेवर उभे राहिले, एक डोळा मिटून जरा वेळ बघितलं. मग चित्र सोडून माझ्या पायांकडे बघितलं.

आदल्या दिवशीच्या पावसात माझे कापडी बूट कामातून गेले होते. म्हणून सान लोरेन्झोच्या बाजारातून जाड तळाचे नवे घेतले होते. मी इंचभर उंच झाले होते.

“चित्र बरोबर आहे,” मास्तर म्हणाले. “तुम्हीच वर गेला आहात.”

फ्लॉरेन्समधल्या त्या चित्रशाळेत दहा आठवड्यांत मी जे शिकले त्यातलं बहुतेक सगळं या एका वाक्यात आलं, असं मी पुढे लोकांना सांगत असे. ते खरं नाही. पण गोष्ट म्हणून चांगली आहे.

या पद्धतीला साइट-साइझ म्हणतात. सांगायला अगदी सोपी. पुतळा आणि कागद शेजारी शेजारी, एका पातळीत ठेवायचे. आपण सात-आठ फूट मागे ठरलेल्या जागी उभं राहायचं. ती जागा हलू नये म्हणून फरशीवर चिकटपट्टीचे दोन तुकडे, एकेका पावलाला एक. तिथून बघितलं की पुतळा आणि चित्र एकाच मापाचे दिसले पाहिजेत. हातात ओळंबा, गवंड्याचा असतो तसाच, फक्त छोटा: काळा दोरा आणि टोकाला शिशाची गोळी. तो डोळ्यासमोर लोंबता धरायचा, डोळ्याचा कोपरा भुवईच्या कुठल्या वळणाखाली येतो ते बघायचं, लक्षात ठेवायचं, चालत कागदापाशी जायचं, एक खूण करायची, परत पट्ट्यांवर येऊन उभं राहायचं आणि ती चुकल्याचं बघायचं. कागदाजवळ असताना पुतळ्याकडे बघायचं नाही, आणि मागे उभं असताना हात कागदापर्यंत पोचत नाही. बघणं एकीकडे, काढणं दुसरीकडे, मधलं अंतर आठवणीच्या भरवशावर. दिवसातला निम्मा वेळ चालण्यात जातो. पहिल्या आठवड्यात माझे हात अजिबात दुखले नाहीत, पोटऱ्या दुखल्या.

शाळा आर्नो नदीच्या पलीकडच्या तीरावर, ओल्त्रार्नोत. एकेकाळी तिथं घोडागाड्या ठेवत असत म्हणे. उत्तरेकडे उंच खिडक्या, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. दक्षिणेकडच्या खिडक्या काळं कापड ठोकून बंद केलेल्या. भिंती राखाडी-तपकिरी, मुद्दाम. चित्र काढताना विजेचा दिवा लावायचा नाही. डिसेंबरात साडेचार वाजता उजेड गेला की शाळा सुटते, घंटा नाही की काही नाही. एकेक जण कोळशाच्या काड्या डब्यात टाकतो आणि हात धुवायला जातो. नळाखालचं पाणी काळं वाहत राहतं.

चालवणारे सगळे परदेशी. दोन अमेरिकन, एक इंग्रज बाई, आणि इथेच शिकून इथेच शिकवायला राहिलेला एक स्वीडिश मुलगा. मास्तर म्हणजे त्यातले थोरले अमेरिकन. पहिल्या दिवशी मी सवयीनं त्यांना ‘सर’ म्हटलं, तर सगळा वर्ग वळून बघायला लागला. इथे सगळे नावानं हाक मारतात. मला काही ते जमेना. तोंडानं मी नाव टाळायची आणि मनात मास्तर म्हणायची. ते एका वर्षासाठी म्हणून आले होते, त्याला तीस वर्षं झाली. इटालियन फर्डं बोलतात, पण बाहेर कॉफीच्या बारमध्ये त्यांनी तोंड उघडलं की काउंटरमागचा मुलगा इंग्रजीत उत्तर देतो. यात त्यांना आता राग येत नाही. मला मात्र त्यांच्या वतीनं दर वेळी यायचा.

विद्यार्थी तीसेक. कोरियाची एक अत्यंत अबोल मुलगी, सैन्यातून बाहेर पडलेला एक अमेरिकन, दंतवैद्यकी सोडून आलेला एक नॉर्वेजियन गृहस्थ, मेक्सिकोच्या दोघी बहिणी. इटालियन म्हणाल तर एकच, तोही दूर पुलियाचा. शाळेत बोलणं सगळं इंग्रजीतून. दाराबाहेर दांतेचं गाव आणि आत हे बेट. बेटावरच्या लोकांची मुख्य काळजी कागदांची. माझा हिशेब सोपा होता, नव्वद दिवसांच्या व्हिसात दहा आठवडे बसत होते. पण जास्त मुक्कामासाठी आलेल्यांनी देशात पाऊल ठेवल्यापासून आठ दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. पोस्टातून पाकीट आणा, तंबाखूच्या दुकानातून सोळा युरोंचं तिकीट आणून चिकटवा, मग ठरल्या दिवशी पोलिसांच्या कचेरीत बोटांचे ठसे द्या. कोरियाची मुलगी ठसे द्यायला गेली तर बोटांच्या रेषांत कोळसा. तो निघेपर्यंत तिला चार वेळा हात धुवायला पाठवलं. तिच्याकडून आम्ही ऐकलेली सर्वांत मोठी गोष्ट ही.

इतक्या लांब येऊन, मोठ्या शाळांत वर्षाला हजारो युरो मोजून, प्रौढ माणसं प्लास्टरचा कान, प्लास्टरचं नाक काढत बसतात, हे बाहेरच्याला वेडगळ वाटेल. मलाही वाटायचं. इथल्या पदवीनं कुठं नोकरी लागत नाही. पहिले काही महिने तर पुतळाही मिळत नाही. शार्ल बार्ग नावाच्या फ्रेंच शिलाछापकारानं जाँ-लेओं जेरोम या चित्रकाराच्या मदतीनं 1866 ते 1871 या काळात काढलेली 197 पानं आहेत. पाय, हात, मुखवटे, मग पूर्ण आकृती. त्यातलं एक पान घ्यायचं आणि हुबेहूब उतरवायचं. रेषेची जाडी, सावलीची कड, सगळं. व्हॅन गॉगनं चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा हीच पानं समोर ठेवून तो एकटा बसला होता, आणि शेवटच्या वर्षातही त्यानं ती पुन्हा काढायला घेतली. मी थोड्या दिवसांसाठी आल्यामुळे मला एकाच पानावर सुटका मिळाली. तरी त्या एका पायाच्या अंगठ्यानं अकरा दिवस खाल्ले.

तर हा जेरोम. या शाळांची सगळी वंशावळ त्याच्यापाशी जाऊन पोचते, आणि तिथले लोक ती वंशावळ आपल्याकडचे गवई घराणं सांगतात तशीच सांगतात. नाव घेताना कान पकडत नाहीत, एवढाच फरक. पॅरिसमध्ये जेरोमच्या हाताखाली जगभरची पोरं शिकली. त्यांतला एक टस्कनीचा, फिलादेल्फो सिमी. तो फ्लॉरेन्सला परतला. त्याच्या मुलीनं, नेरिना सिमीनं, वडिलांची पद्धत उचलली आणि 1987 मध्ये वयाच्या सत्त्याण्णवच्या आसपास वारेपर्यंतचं आयुष्य शिकवण्यात घालवलं. सगळे तिला ‘सिन्योरिना सिमी’ म्हणत. जेरोमचा दुसरा एक शिष्य बोस्टनचा, विल्यम पॅक्स्टन. पॅक्स्टननं गॅमेलला शिकवलं. आर. एच. आयव्हज गॅमेल हे पात्र मोठं विलक्षण असावं. अमूर्त चित्रकलेच्या ऐन भरात हा बोस्टनमध्ये बसून मोजक्या शिष्यांना जुनं रेखाटन शिकवत राहिला. सगळं जग एका दिशेला चाललं होतं आणि हा गडी पाठ फिरवून बसला होता. त्याचा शिष्य रिचर्ड लॅक मिनिआपोलिसला. त्या वाटेनं तयार झालेले दोन तरुण अमेरिकन, चार्ल्स सेसिल आणि डॅनियल ग्रेव्हज, यांनी 1983 मध्ये फ्लॉरेन्समध्ये मिळून एक स्टुडिओ काढला. ग्रेव्हज सिन्योरिना सिमीकडेही शिकले होते. म्हणजे एका आजोबाच्या दोन शाखा शंभर वर्षांनी एका गल्लीत भेटल्या. पुढे दोघे वेगळे झाले, घराण्यात होतंच ते. 1991 पासून सेसिल यांची शाळा एकीकडे आणि ग्रेव्हज यांची फ्लॉरेन्स अकॅडमी दुसरीकडे. 1997 मध्ये तिसरी आली, मायकेल जॉन एंजलची. ते जन्मानं इंग्रज आणि पिएत्रो आन्निगोनीचे शिष्य. आन्निगोनी म्हणजे ज्यानं राणी एलिझाबेथचं निळसर झग्यातलं व्यक्तिचित्र केलं तो. आता गावात अशा लहानमोठ्या किती शाळा आहेत कोण जाणे. आमची त्यांच्याच पिलावळीतली, तिचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

मला यातली गंमत जी वाटते ती अशी. हे सगळं ज्यांचं होतं त्यांनी टाकून दिलं होतं. फ्लॉरेन्समध्ये 1563 मध्ये व्हासारी या चित्रकाराच्या खटपटीनं रेखाटनाची अकादमी निघाली. चित्रकारांना सुतार-रंगाऱ्यांच्या रांगेतून उठवून वेगळ्या बाकावर बसवणारी पहिली मोठी संस्था ती. आणि विसाव्या शतकात सगळ्या युरोपातल्या कलाशाळांना स्वतःच्याच प्लास्टरच्या पुतळ्यांची लाज वाटायला लागली. कुठे ते तळघरात गेले, कुठे फुटले, कुठे मुलांनी त्यांच्यावर रंग ओतले. जे शिकवायचं नाही ते पुसायचं असा जोश होता, आणि त्या जोशात काही चूक होती असं मी म्हणणार नाही. तीच तीच नाकं काढून दोन-तीन पिढ्या खरोखर विटल्या असतील. पण मग कोणीतरी बाहेरचा येतो, ज्याला त्या नाकांचा कंटाळा यायची संधीच मिळालेली नसते. तो ती उचलतो, धूळ झटकतो, आणि विचारतो, हे तुम्हाला नको आहे का?

1966 च्या नोव्हेंबरात आर्नोला पूर आला तेव्हाची खूण गावातल्या भिंतींवर अजून आहे, डोक्याच्या कितीतरी वर दगडी पाट्या लावल्यात. काही भागांत पाणी वीस फुटांच्या वर गेलं होतं. सान्ता क्रोचे चर्चमधला, चिमाबुए या जुन्या चित्रकारानं रंगवलेला क्रूस रंग गमावून बसला आणि शेजारच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची तळघरं चिखलानं भरली. तो चिखल उपसायला इटलीभरातून आणि देशोदेशींहून तरुण पोरं आली. हातोहात पुस्तकं वर काढणाऱ्या त्या रांगांना लोकांनी चिखलातले देवदूत असं नाव ठेवलं. आमच्या मास्तरांना हा विषय काढलेला आवडत नसे. आम्ही कोणाला वाचवायला वगैरे आलो नाही, म्हणायचे. मला शिकायचं होतं आणि माझ्या गावात शिकवणारं कोणी उरलं नव्हतं, एवढंच.

एका रविवारी मी मास्तरांच्याच सांगण्यावरून आल्लोरीच्या कबरस्तानात गेले. पोर्ता रोमानाच्या वेशीबाहेर, सिएनाच्या रस्त्यावर, सुरूंच्या रांगांत. 1877-78 च्या सुमाराला, गावातलं जुनं इंग्रजी कबरस्तान बंद झालं तेव्हा कॅथलिक नसलेल्यांसाठी ही जागा निघाली. तिथं एलिझाबेथ बूट ड्युव्हेनेक झोपली आहे. झोपलीय हा शब्द अगदी खरा, कारण दगडी चौथऱ्यावर तिचीच ब्राँझची पूर्ण आकृती उताणी आहे, हात छातीवर, आणि अंगावरून लांबच्या लांब खजुराची एक झावळी. पाऊस नुकताच पडून गेला होता. झावळीच्या एकेका पातीच्या खोबणीत पाणी साचलं होतं आणि ते बारीक धारेनं कडेला निथळत होतं.

ही आकृती करणारा तिचा नवरा, फ्रँक ड्युव्हेनेक, केंटकीचा. जर्मन स्थलांतरितांचा मुलगा. म्युनिकला शिकला आणि तिथंच 1878 मध्ये त्यानं आपली शाळा काढली. कारण काय, तर अमेरिकेतून आलेल्या पोरांना अकादमीतल्या प्राध्यापकांपेक्षा याच्याभोवतीच घोळका करायला आवडायचं. लिझी बूट बोस्टनची, पण आई लहानपणीच गेल्यावर वडिलांनी तिला फ्लॉरेन्समध्ये वाढवलं. तीही चित्रकार. तिनं ड्युव्हेनेकचं काम बघितलं आणि त्याला फ्लॉरेन्सला यायची गळ घातली. 1879 मध्ये तो आला, एकटा नाही, सगळी शाळा पाठीवर मारून. त्या पोरांचं नावच ‘ड्युव्हेनेक बॉइज’ पडलं. हिवाळ्यात फ्लॉरेन्स, उन्हाळ्यात व्हेनिस, असं दोनेक वर्षं चाललं. लिझीनं बायकांसाठी वेगळा वर्ग उभा केला. (व्हेनिसमध्ये ड्युव्हेनेकनं केलेली काही एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, 1881 मध्ये लंडनला गेली तेव्हा तिथल्या जाणकारांना वाटलं, नावाजलेला चित्रकार व्हिस्लरच खोट्या नावानं चित्रं पाठवतोय. चौकश्यासुद्धा झाल्या.) 1886 मध्ये दोघांचं लग्न झालं, मुलगा झाला, आणि 1888 च्या मार्चमध्ये ती पॅरिसमध्ये न्यूमोनियानं गेली. ड्युव्हेनेक शिल्पकार नव्हता. तरी अमेरिकेत परत गेल्यावर तिची आकृती त्यानं दुसऱ्या एका शिल्पकाराची मदत घेऊन स्वतः केली आणि तिथंच शिकवत राहिला.

त्याच्या पोरांतला एक जोसेफ डीकँप. तो पुढे बोस्टनच्या चित्रकारांत मोठा झाला, ज्या मंडळींत पॅक्स्टन होता, ज्यांच्यात गॅमेल वाढला. धागा अगदी सरळ नाही, ओळंब्यासारखा तर नाहीच. पण 1879 मध्ये एक परदेशी मास्तर फ्लॉरेन्समध्ये शाळा मांडतो, आणि 1983 मध्ये त्याच बोस्टनच्या वाटेनं आलेले दुसरे दोन परदेशी पुन्हा तिथंच शाळा मांडतात, हे मला त्या ओल्या चौथऱ्यापाशी उभं असताना फार विचित्र वाटलं. जणू गावाला याची काही खबरच नाही. कबरस्तानाच्या रखवालदारानं मला कोणाची कबर हवी म्हणून विचारलं. मी ड्युव्हेनेक म्हटलं. त्याला कळेना. मी हातानं झोपल्याची खूण केली आणि अंगावरून झावळी ओढली. “आ, ला सिन्योरा!” म्हणाला आणि सरळ घेऊन गेला.

आता जे खुपलं ते.

वर्षअखेरीचं प्रदर्शन होतं. भिंतभर व्यक्तिचित्रं. प्रत्येकावर डावीकडून उजेड, मागे तपकिरी अंधार, समोर एक किंचित दुःखी माणूस. कौशल्य असं की जवळ जाऊन बघताना श्वास रोखावा. आणि तरी अर्ध्या तासात मी कंटाळले. कोणाचं कुठलं ते नावाची चिठ्ठी वाचल्याशिवाय कळेना. कोरियाच्या मुलीनं आणि दंतवैद्यांनी एकाच माणसाचं चित्र काढलं होतं, एकमेकांपासून तीन फुटांच्या अंतरावर उभं राहून, आणि फरक एवढाच की एकात नाक जरा जास्त डावीकडे वळलेलं. ते नजरेपेक्षा पट्ट्यांच्या जागेमुळे. घराण्याचं हेच असतं. सूर पक्का बसतो, इतका पक्का की मग हलत नाही. गॅमेलनं पाठ फिरवली त्यात हिंमत होती. त्याच्या पाठीमागे उभे राहून त्याच दिशेला बघणाऱ्यांना तेवढी हिंमत लागत नाही.

हे मी मास्तरांना बोलून दाखवलं. खरं तर नको होतं बोलायला, मी दहा आठवड्यांची पाहुणी. ते चाकूनं कोळशाची कांडी तासत होते. ती सुईसारखी लांब टोकाची करावी लागते, शेवटी सँडपेपरवर घासून, आणि घाई केली की टोक मोडतं. टोक मोडलं नाही.

“मी बघायला शिकवतो,” म्हणाले. “काय बघायचं हे मला कळलं असतं तर मीही तिकडे घरी बसून चित्रं काढली असती.”

मला हे उत्तर पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण त्यात नम्रता होती की कडवटपणा हे ठरवता न आल्यानं मी गप्प बसले. सैन्यातून आलेला तो अमेरिकन मात्र नंतर म्हणाला की त्याला असंच ठिकाण हवं होतं. कोणीतरी सांगावं इथं उभा राहा, इकडे बघ, हे चूक, पुन्हा कर. तुझ्या आत काय चाललंय असं सारखं विचारणाऱ्या कलाशाळेत तो आधी एक वर्ष काढून आला होता आणि त्याला त्याच्या आत काय चाललंय ते बघायचं नव्हतं.

त्या सगळ्या बेटावर गावचं असं खरं एकच माणूस होतं, आमची मॉडेल. साठी ओलांडलेली, सान फ्रेदियानोत जन्मलेली, तिथंच राहणारी. वीस मिनिटं बसायचं, पाच मिनिटं सुटी, असे तीन तास. सुटीत ती शाल गुंडाळून स्टोव्हशेजारी विणायला बसायची आणि घड्याळ वाजलं की सुई जिथल्या तिथं खोचून पुन्हा चौथऱ्यावर. तिच्याही पावलांभोवती चिकटपट्टी होती, खुर्चीच्या पायांभोवती होती, टेकलेल्या कोपराच्या कडेनं खडूची रेघ होती. ती बसली की आधी मान जरा हलवायची, मग भिंतीवरच्या एका खिळ्यावर नजर लावायची आणि चेहरा जागच्या जागी येऊन थांबायचा. तो क्षण मला चित्रापेक्षा जास्त आवडायचा. एकदा तिनं मला विचारलं, तुझ्याकडे म्हाताऱ्या बायका नाहीत का? मी म्हटलं, पुष्कळ आहेत. मग इतक्या लांब मला बघायला आलीस? हसली. तिच्या हिशेबानं ती ओस्लोत आहे, सोलमध्ये आहे, टेक्ससमध्ये तर तीन घरांत आहे. तिच्या स्वतःच्या घरात तिचं एकही चित्र नाही. कोणी दिलं नाही असं नाही. म्हणाली, मी तिथं स्वतः असते की.

शेवटच्या आठवड्यात मी गालेरिया देल्लाकादेमिया या संग्रहालयात खरा डेव्हिड बघायला गेले. 1873 मध्ये त्याला चौकातून हलवून इथं छपराखाली आणलं. आता चौकात आहे ती 1910 ची नक्कल. पाच मीटरांच्या वर उंच, खाली माणसांची ही गर्दी. मला बघायचा होता फक्त उजवा डोळा. दोन महिने मी त्याची एकेक कड ओळखत होते. बाहुली गोल नाही, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची कोरलेली आहे, आणि वरच्या कडेला दगडाचा एक बारीक कण ठेवून दिलाय जो लांबून चकाकीसारखा दिसतो, हे मला कोणी न सांगता माझ्या हातांना माहीत होतं. आणि खालून काही म्हणजे काही दिसेना. हनुवटी दिसत होती, नाकपुड्या दिसत होत्या, डोळा कपाळाच्या सावलीत गेला होता. मी मागे सरकले, अजून मागे, डोळे किलकिले केले. नकळत फरशीवर पट्ट्या शोधत होते. मागे एका बाईच्या पायावर पाय पडला. तो डोळा इतक्या जवळून, समोरासमोर, त्याच्याच उंचीवर उभं राहून बघणारे दोनच प्रकारचे लोक: एक, कोरणारा आणि त्याचे साफसफाई करणारे, दुसरे आम्ही, प्लास्टरवाले. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं 1857 मध्ये डेव्हिडची अख्खी प्लास्टरची प्रतिकृती राणी व्हिक्टोरियाला भेट पाठवली, तिनं ती लगेच संग्रहालयाला देऊन टाकली, आणि ती अजून लंडनमध्ये उभी आहे. असल्या ओतीव कामाला मी आजवर नक्कल म्हणत आले होते. आता जरा थांबून शब्द शोधावा लागतो.

निघायच्या दिवशी मी कोळसा पुसला जाऊ नये म्हणून चित्रावर फिक्सेटिव्ह मारलं, सुकल्यावर नळीत गुंडाळलं. चित्र पुरं झालं नव्हतं. खालच्या पापणीची सावली डोळ्याच्या कोपऱ्याशी वळते तिथं दोन बोटं जागा कोरीच राहिली होती. मास्तर म्हणाले, तेवढंच राहू द्या. चहाच्या वेळी शब्द थोडे आणि मिठ्या जास्त झाल्या. कोरियाच्या मुलीनं तिच्या ओळंब्याची शिशाची गोळी मला दिली. दोरा तिनं स्वतःकडे ठेवला.

माझी जागा घेणारा मुलगा दुपारीच आला, पोर्तुगालचा, सहा फुटांच्या वर. इंग्रज बाईंनी त्याला डोळ्यासमोर उभं केलं, पुतळा दोन हात वर टांगला, ईझल उचललं. मग गुडघ्यांवर बसून माझ्या पट्ट्या नखानं उचकटल्या. खाली आधीच्या कोणाच्या तरी पट्ट्यांचा चिकटा होता, त्याखाली अजून कोणाचा, पिवळट, काळपट. त्यांनी हातानंच ते जरा पुसून घेतलं, नवी पट्टी दातांनी तोडली आणि त्याला पाय ठेवायला सांगितलं. त्यानं माझ्याच जागेवर पाय ठेवले. “मागे,” त्या म्हणाल्या. “अजून. अजून थोडं.”